घरून काम करताना कार्यालयाचे नेटवर्क लायसन्स : आधी करार, मग व्हीपीएन

उद्यमबाग_आरेखन

नमस्कार. बेळगावच्या उद्यमबागेत ओतकाम आणि मशिनिंग करणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात मी डिझाइन विभाग पाहतो, आणि सॉफ्टवेअरची लायसन्से सांभाळण्याचे कामही माझ्याकडेच आहे. त्रिमित आरेखनाच्या सॉफ्टवेअरच्या आमच्याकडे चार नेटवर्क सीट आहेत आणि ते वापरणारी माणसे नऊ आहेत. कार्यालयात हे गणित व्यवस्थित बसते, कारण नऊही जण एकाच वेळी मॉडेल उघडून बसत नाहीत. कोणी शॉपफ्लोअरवर पॅटर्न तपासत असतो, कोणी ग्राहकाच्या रेखाचित्रातील टॉलरन्सबद्दल फोनवर बोलत असतो, तर कोणी तपासणी विभागात कास्टिंगची मापे घेत असतो.

२०२० च्या टाळेबंदीत सुरू झालेले घरून काम मात्र आमच्याकडे पूर्णपणे थांबले नाही आणि ते थांबावे असेही मला वाटत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये खानापूर तालुक्यातील मलप्रभेच्या काठचे रस्ते पाण्याखाली गेले, किंवा घरात कोणी आजारी असले, तर चांगल्या माणसाला दोन दिवस घरी बसून काम करता आले पाहिजे. अडचण अशी की ‘घरून काम कर’ एवढे सांगून बहुतेक कारखान्यांत विषय संपतो आणि सॉफ्टवेअर घरी कसे चालवायचे याचा मार्ग कर्मचाऱ्याने स्वतः शोधावा अशी अपेक्षा राहते. मग तो कोणाकडून तरी क्रॅक केलेली प्रत मिळवतो, किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्या धाकट्या भावाच्या लायसन्सवर काम करतो. आपल्या परिसरात हे किती सहजपणे चालते ते आपण सर्व जाणतो.

माझे मत मी आधीच स्पष्ट मांडतो. घरून लायसन्स कसे वापरायचे हे ठरवणे ही कर्मचाऱ्याची खासगी बाब नाही, ती कारखान्याची जबाबदारी आहे, आणि तिची सुरुवात व्हीपीएन, म्हणजे घरचा संगणक इंटरनेटवरून कार्यालयाच्या नेटवर्कला सुरक्षितपणे जोडणारी व्यवस्था, बसवण्याने नव्हे तर लायसन्सचा करार वाचण्याने झाली पाहिजे.

नवीन वाचकांसाठी नेटवर्क लायसन्स कसे चालते ते सांगतो. अशा लायसन्समध्ये सॉफ्टवेअर कितीही संगणकांवर बसवता येते, पण एका वेळी किती जणांनी ते चालवायचे याची संख्या ठरलेली असते. कार्यालयातील एका संगणकावर लायसन्स मॅनेजर चालू असतो आणि त्याच्याकडील लायसन्स फाइल त्या संगणकाच्या ओळखीशी, बहुधा नेटवर्क कार्डाच्या मॅक पत्त्याशी, बांधलेली असते. आपण सॉफ्टवेअर उघडले की ते या मॅनेजरकडे सीट मागते, सीट शिल्लक असेल तर काम सुरू होते आणि सॉफ्टवेअर बंद केले की ती सीट परत जमा होते. मधल्या काळातही दोघांचा संवाद ठरावीक अंतराने चालू असतो. हा संवाद तुटला की सॉफ्टवेअर काही वेळ पुन्हा जोडणी करून पाहते आणि जोडणी न झाल्यास काम जतन करण्यास सांगून बंद होते. घरून काम करताना जवळजवळ सर्व अडचणी या शेवटच्या गोष्टीतून निर्माण होतात.

आपापल्या कार्यालयात ही व्यवस्था कशी लावली आहे ते सविस्तर लिहावे, अशी सर्वांना विनंती आहे. कराराबद्दल मी पुढच्या प्रतिसादात लिहितो.

उद्यमबाग_आरेखन

आता करार. सॉफ्टवेअर बसवताना जो लांबलचक इंग्रजी मजकूर ‘मान्य’ म्हणून पुढे ढकलला जातो, त्यात आपल्या कामाच्या तीन-चारच गोष्टी असतात, पण त्या शोधून वाचाव्या लागतात.

पहिली गोष्ट स्थळाची. काही करार नेटवर्क लायसन्सचा वापर संपूर्ण देशात कोठेही करू देतात, तर काही करार तो एका आवारापुरता मर्यादित ठेवतात. विश्लेषणाच्या, म्हणजे ताण, उष्णता किंवा प्रवाह यांचे गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘स्थानिक’ प्रकारच्या लायसन्सला २५ मैलांचे, म्हणजे सुमारे ४० किलोमीटरचे बंधन घातलेले असू शकते. आपल्याकडे याचा अर्थ फार प्रत्यक्ष आहे. बेळगावच्या कार्यालयातील लायसन्स खानापूरला राहणारा अभियंता अशा कराराखाली घरून वापरू शकतो, कारण खानापूर साधारण २५ किलोमीटरवर आहे. या अंतराच्या पलीकडे असलेल्या निपाणीला घरी गेलेल्या अभियंत्याला मात्र तेच लायसन्स त्याच कराराखाली वापरता येत नाही, मग त्याचे व्हीपीएन कितीही उत्तम चालो. तांत्रिकदृष्ट्या सीट मिळाली म्हणजे ती वापरण्याचा हक्कही मिळाला असे होत नाही, आणि नेमका हाच गैरसमज सर्वांत जास्त आढळतो.

दुसरी गोष्ट यंत्राची. सॉफ्टवेअर कंपनीच्या मालकीच्याच संगणकावर बसवले पाहिजे, की कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवरही चालेल, हे करारात लिहिलेले असते. काही उत्पादक कंपनीच्या कामापुरती परवानगी देतात आणि माणूस नोकरी सोडून गेल्यावर ती प्रत काढून टाकण्याची जबाबदारी कंपनीवर ठेवतात. तिसरी गोष्ट म्हणजे दूरस्थ वापर. घरून कार्यालयातील संगणक रिमोट डेस्कटॉपने चालवला, तर करार त्याला काय म्हणतो? बंधन यंत्रावर आहे की वापरणाऱ्या माणसावर, हे शब्द लक्षपूर्वक वाचावेत.

करारात स्पष्ट नसेल तर ज्या विक्रेत्याकडून लायसन्स घेतले त्याला ई-मेलने विचारावे आणि उत्तरही ई-मेलनेच मागावे. ‘चालतंय की, काही प्रॉब्लेम नाही’ हे फोनवरचे उत्तर लायसन्सच्या तपासणीच्या वेळी कामाला येत नाही.

शिनोळी_फाटा

अतिशय उपयुक्त धागा. मी चंदगड तालुक्यात राहतो आणि नोकरी बेळगावात करतो, म्हणजे घर महाराष्ट्रात आणि कार्यालय कर्नाटकात. आमच्या लेखा विभागातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे म्हणणे असे की राज्य बदलले की लायसन्स चालत नाही, कारण बिल कर्नाटकातील जीएसटी क्रमांकावर झालेले आहे. हे बरोबर आहे काय? शिनोळी ते उद्यमबाग हे अंतर आमच्या काही सहकाऱ्यांच्या घरांपेक्षा कमी आहे.

उद्यमबाग_आरेखन

शिनोळी फाटा, जीएसटीचे बिल कोणत्या राज्यातील नोंदणीवर झाले हा कराचा विषय आहे, त्याचा वापराच्या हक्काशी संबंध नाही. माझ्या वाचनात आलेल्या करारांमध्ये स्थळाचे बंधन तीन प्रकारे येते : आवार, अंतर किंवा देश. राज्याची सीमा त्यांत येत नाही. त्यामुळे आपल्या बाबतीत अंतराचे बंधन असले तरी आपण त्यात बसता, आणि देशाचे असले तर प्रश्नच उरत नाही. आवाराचे बंधन असेल तर मात्र उद्यमबागेजवळच्या टिळकवाडीत राहणाऱ्यालाही घरून लायसन्स वापरता येणार नाही, हे लक्षात घ्यावे. सहकाऱ्यांना करारातील तेवढे कलम छापून दाखवावे, म्हणजे चर्चा अंदाजावर राहणार नाही.

सर्व्हर_खोली

मी शहरातील काही कारखान्यांची नेटवर्क व्यवस्था पाहतो. कराराचा मुद्दा मान्य करून पुढच्या तांत्रिक भागाबद्दल लिहितो, कारण व्हीपीएन जोडले गेले आणि तरीही लायसन्स मिळत नाही, अशी तक्रार मला सर्वाधिक ऐकावी लागते.

अनेक अभियांत्रिकी सॉफ्टवेअर फ्लेक्सनेट नावाच्या लायसन्स मॅनेजरवर चालतात. त्यात दोन प्रक्रिया असतात. एक मुख्य प्रक्रिया, जी सर्वसाधारणपणे २७००० ते २७००९ यांपैकी एका पोर्टवर, म्हणजे जोडणी घेण्याच्या क्रमांकित दारावर, ऐकते, आणि दुसरी त्या त्या उत्पादकाची स्वतःची प्रक्रिया, जिला व्हेंडर डीमन म्हणतात. सॉफ्टवेअर आधी मुख्य प्रक्रियेला भेटते, ती त्याला व्हेंडर डीमनचा पोर्ट सांगते आणि प्रत्यक्ष सीट त्या दुसऱ्या पोर्टवरून मिळते. हा दुसरा पोर्ट लायसन्स फाइलमध्ये ठरवून दिलेला नसेल तर सर्व्हर सुरू होताना प्रत्येक वेळी बदलू शकतो. कार्यालयाच्या आत फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरील ये-जा अडवणारी व्यवस्था, सैल असल्यामुळे हे कोणाच्या लक्षात येत नाही, पण व्हीपीएनवरून येणाऱ्यासाठी फक्त पहिला पोर्ट उघडा असेल तर सीट मिळत नाही. म्हणून लायसन्स फाइलच्या व्हेंडर ओळीत पोर्ट कायमचा लिहून ठेवावा आणि फायरवॉलमध्ये दोन्हींना परवानगी द्यावी. सॉलिडवर्क्स या त्रिमित आरेखनाच्या सॉफ्टवेअरच्या लायसन्स मॅनेजरमध्ये ही जोडी २५७३४ आणि २५७३५ अशी ठेवण्याची प्रथा आहे. डोंगलवर, म्हणजे संगणकाला लावायच्या छोट्या किल्लीवर चालणाऱ्या सेंटिनेल पद्धतीच्या लायसन्ससाठी १९४७ हा पोर्ट असतो. हा आकडा भारतीय माणसाच्या सहज लक्षात राहतो.

दुसरे कारण नावाचे. लायसन्स फाइलमध्ये बहुधा सर्व्हरचे नाव लिहिलेले असते, त्याचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरील आकडी पत्ता, नव्हे. कार्यालयात ते नाव सर्वांना ओळखू येते, पण घरच्या लॅपटॉपला येत नाही, कारण तो नावांची चौकशी घरच्या इंटरनेट कंपनीकडे करतो. व्हीपीएनमधून कार्यालयाचा डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी व्यवस्था, द्यावा हा योग्य उपाय, आणि तो शक्य नसेल तर लॅपटॉपच्या होस्ट्स फाइलमध्ये सर्व्हरचे नाव व पत्ता लिहावा.

तिसरे कारण असे की घरचा राउटर आणि कार्यालयाचा राउटर दोन्ही १९२.१६८.१ याच मालिकेतील पत्ते देत असतात, कारण राउटर बनवणाऱ्या कंपनीकडून येतानाच त्यांत तेच भरलेले असते. मग लॅपटॉप लायसन्स सर्व्हरचा शोध घरातच घेत राहतो. पन्नास घरांतील राउटर बदलत बसण्यापेक्षा कार्यालयाची पत्तामालिकाच एखादी वेगळी, उदाहरणार्थ १९२.१६८.८७, अशी करून घ्यावी.

आणि एक कळकळीची विनंती आहे. काही ठिकाणी व्हीपीएनचा त्रास नको म्हणून लायसन्स सर्व्हरचे पोर्ट, आणि त्याहून वाईट म्हणजे रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ हा पोर्ट, थेट इंटरनेटवर उघडून ठेवलेले मी पाहिले आहेत. असे उघडे पोर्ट शोधणारे प्रोग्राम जगभर अहोरात्र फिरत असतात. त्यातून आत शिरलेले रॅन्समवेअर लायसन्सवर थांबत नाही, कारखान्याची सर्व रेखाचित्रे आणि हिशेब कुलूपबंद करते. असे कोठे केलेले असेल तर कृपया आजच बंद करा.

अनगोळ_टूलरूम

सर्व्हर खोली, आमच्याकडे व्हीपीएन बाहेरून जोडलेच जात नाही. राउटरमध्ये सर्व सेटिंग बरोबर आहेत असे दोन जणांनी तपासून सांगितले. स्थानिक केबलवाल्याकडून फायबर घेतले आहे.

सर्व्हर_खोली

राउटरच्या सेटिंगच्या पानावर बाहेरील बाजूचा आयपी पत्ता पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल तर तुमच्या जोडणीला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळालेला नाही. एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटला जात आहे. अशा जोडणीवरून बाहेर जाता येते, पण बाहेरून आत येता येत नाही, त्यामुळे राउटरमध्ये कितीही बदल केले तरी उपयोग होणार नाही. सेवादात्याकडून स्थिर आयपी विकत घ्यावा. तो देत नसेल तर टेलस्केल किंवा झिरोटियर यांसारखी व्यवस्था वापरावी, ज्यात दोन्ही संगणक बाहेरच्या दिशेने जोडणी करतात आणि मध्ये भेटतात. कर्मचाऱ्याच्या घरी मात्र स्थिर आयपीची गरज नसते, मोबाइलच्या इंटरनेटवरूनही काम होते.

जांबोटी_पाऊस

माझे गाव जांबोटीच्या पुढे आहे. पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाणे आणि त्यामागून मोबाइलचा टॉवर बंद पडणे हे नित्याचे असते. व्हीपीएन उत्तम लावून दिलेले आहे, पण दुपारी दोन वेळा तरी जोडणी तुटते, सॉफ्टवेअर ‘लायसन्स हरवले’ असे सांगून बंद होते, आणि परत जोडणी होईपर्यंत माझी सीट दुसऱ्या कोणीतरी घेतलेली असते, किंवा माझ्याच नावावर अडकून पडलेली असते. अशा ठिकाणी काय करावे? जोडणी सुधारणे माझ्या हाती नाही.

उद्यमबाग_आरेखन

जांबोटी पाऊस, आपल्यासाठी योग्य मार्ग ‘बोरो’ हा आहे. ग्रंथालयातून पुस्तक घरी नेल्यासारखी एक सीट ठरावीक मुदतीसाठी आपल्या लॅपटॉपवर उतरवून न्यायची. त्या मुदतीत लॅपटॉपला सर्व्हरशी बोलण्याची गरज राहत नाही, इंटरनेट असो वा नसो, आणि मुदत संपली की सीट आपोआप सर्व्हरवर परत उपलब्ध होते. सॉलिडवर्क्समध्ये ही मुदत जास्तीत जास्त ३० दिवस असते, इतर उत्पादकांची मर्यादा वेगवेगळी आहे, आणि काहींच्या लायसन्समध्ये ही सोय मुळीच दिलेली नसते.

पण यात व्यवस्थापनाने लक्ष घालावे लागते. चार सीटपैकी तीन बोरो होऊन घरी गेल्या तर कार्यालयातील सहा जण एका सीटवर येतात. फ्लेक्सनेटमध्ये एक ऑप्शन्स फाइल असते, तिच्यात किमान किती सीट बोरो होऊ द्यायच्या नाहीत, बोरो जास्तीत जास्त किती तासांचा असावा आणि कोणाला ती परवानगी असावी, हे सर्व लिहिता येते. आम्ही दोन सीट कायम कार्यालयात राहतील असे बांधून टाकले आहे आणि मुदत आठवड्याच्या आत ठेवली आहे. त्याच फाइलमध्ये निष्क्रिय सीट काढून घेण्याची वेळही ठरवता येते. कोणी मॉडेल उघडे ठेवून जेवायला गेला तर ठरलेल्या वेळेनंतर सीट मोकळी होते, परंतु ही वेळ १५ मिनिटांपेक्षा कमी ठेवता येत नाही आणि त्या उत्पादकाच्या सॉफ्टवेअरने ही सोय मानलेली असावी लागते.

आपल्याला लागलेली दुसरी अडचण, म्हणजे सीट आपल्याच नावावर अडकून राहणे, ही जोडणी अचानक तुटल्यामुळे होते. लॅपटॉप गेला आहे हे सर्व्हरला लगेच कळत नाही. लायसन्स सांभाळणाऱ्याने कोणाकडे कोणती सीट आहे ते यादीत पाहून ती मोकळी करावी. हे काम करणारी एक व्यक्ती फोनवर उपलब्ध असलीच पाहिजे. घरून काम करणाऱ्याला तिचा क्रमांकच माहीत नसेल तर त्या व्यवस्थेत मूलभूत उणीव आहे असे मी म्हणेन.

विमान_सुटे_भाग

आमचे काम हत्तरगी परिसरातील विमान उद्योगाशी संबंधित आहे. आमच्याकडे बोरो आणि लॅपटॉप हे दोन्ही मार्ग बंद आहेत, कारण ग्राहकाशी झालेल्या गोपनीयतेच्या करारानुसार रेखाचित्र आवाराबाहेरच्या डिस्कवर उतरता कामा नये. म्हणून घरून काम करायचे तर कार्यालयातील वर्कस्टेशन व्हीपीएनमधून रिमोट डेस्कटॉपने चालवायचे, एवढाच मार्ग आहे. सॉफ्टवेअर, लायसन्स आणि फाइल तिन्ही कार्यालयातच राहतात, घरी फक्त पडद्यावरचे चित्र येते.

माझे मत असे आहे की गोपनीयतेचे बंधन नसले तरी बहुतेक कारखान्यांसाठी हाच मार्ग सोयीचा ठरेल. लायसन्सची देवाणघेवाण अगदी थोड्या माहितीची असते, ती कोणत्याही जोडणीवर होते. खरा भार फाइलींचा असतो. शेकडो सुट्या भागांची जोडणी असलेले मॉडेल व्हीपीएनवरून उघडले तर प्रत्येक भाग कार्यालयाच्या अपलोड वेगाने घरी येतो, आणि आपण विकत घेताना पाहतो तो डाउनलोडचा वेग. रिमोट डेस्कटॉपमध्ये हा प्रश्न उद्भवत नाही. शिवाय जोडणी तुटली तरी कार्यालयातील संगणकावर मॉडेल तसेच उघडे राहते आणि दहा मिनिटांनी परत जोडून तेथूनच पुढे काम करता येते. जांबोटीच्या मित्राने बोरोआधी हेही करून पाहावे, असे मी सुचवेन.

एक अडचण सांगून ठेवतो. नेटवर्क सीट रिमोट डेस्कटॉपमधून बहुधा अडथळ्याविना चालते, पण एकाच संगणकाला बांधलेली लायसन्से काही वेळा रिमोट सत्र ओळखून चालण्यास नकार देतात. फ्लेक्सनेटच्या अशा लायसन्समध्ये त्यासाठी एक वेगळा शब्द असावा लागतो आणि तो उत्पादकच घालून देऊ शकतो.

अनगोळ_टूलरूम

स्थिर आयपी घेतला आणि व्हीपीएन सुरू झाले, सर्व्हर खोली यांचे आभार. आता नवी अडचण अशी की रात्री हेस्कॉमची वीज गेली, यूपीएस संपला आणि सकाळी वर्कस्टेशन बंद. कोणीतरी कार्यालयात जाऊन बटण दाबेपर्यंत घरचे सर्व जण थांबून राहिले.

सर्व्हर_खोली

वर्कस्टेशनच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, ‘वीज परत आल्यावर चालू हो’ अशी सेटिंग असते, ती लावावी. त्यासोबत राउटरवरून संगणक जागा करण्याची वेक-ऑन-लॅन ही सोयही चालू करावी, त्यासाठी संगणक वायरने जोडलेला असला पाहिजे. लायसन्स सर्व्हर मात्र कोणाच्याही रोजच्या कामाच्या संगणकावर ठेवू नये. सायंकाळी घरी जाताना लेखा विभागाने आपला संगणक बंद केला आणि त्यावरच लायसन्स मॅनेजर होता, म्हणून घरचे सर्व काम बंद पडले, असे घडते. कमी वीज घेणारा एक छोटा संगणक, राउटर आणि स्विच यांना स्वतंत्र यूपीएस द्यावा. सर्व्हर दुसऱ्या यंत्रावर हलवताना लायसन्स फाइल नव्या यंत्रासाठी विक्रेत्याकडून पुन्हा बनवून घ्यावी लागते, हे आधी ठरवून करावे, ऐन कामाच्या दिवशी नव्हे.

निपाणी_नाका

आम्ही लहान आहोत, फॅब्रिकेशनची रेखाचित्रे करतो. ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्कचे नेटवर्क लायसन्स नूतनीकरण करायला गेलो तर ते आता मिळत नाही असे कळले.

उद्यमबाग_आरेखन

होय. ऑटोडेस्कने २०२० मध्ये नेटवर्क पद्धत बंद करून प्रत्येक व्यक्तीच्या नावावर वर्गणी देण्याकडे वळत असल्याचे जाहीर केले, आणि जुन्या ग्राहकांना एका नेटवर्क सीटच्या बदल्यात दोन नावांची वर्गणी देऊ केली. घरून काम करण्याच्या दृष्टीने ही पद्धत सोपी आहे, कारण सर्व्हर नाही, व्हीपीएन नाही, आपल्या खात्याने प्रवेश करायचा आणि काम सुरू करायचे. एक व्यक्ती तीन संगणकांपर्यंत सॉफ्टवेअर बसवू शकते, मात्र एका वेळी एकाच ठिकाणी वापरू शकते.

पण आपल्याकडील लहान कारखान्यांना याचा खरा फटका बसतो आणि त्याबद्दल मला मनापासून वाईट वाटते. दोन पाळ्यांत काम करणारे दोन आरेखक पूर्वी एकच सीट कायदेशीरपणे वापरू शकत होते, नावाच्या पद्धतीत दोघांना दोन वर्गण्या लागतात. मग दोघांत एक पासवर्ड वाटून घेतला जातो. तसे करू नये, कारण खाते व्यक्तीचे आहे आणि दोन ठिकाणांहून होणारा वापर उत्पादकाला दिसतो. ज्यांचे काम केवळ द्विमित रेखाचित्रांचे आहे त्यांनी कमी किमतीची किंवा मुक्त सॉफ्टवेअर गांभीर्याने पाहावीत. लिब्रेकॅड आहे, आणि फ्रीकॅडची १.० आवृत्ती २०२४ मध्ये आली आहे. ती घरीदारी कितीही जणांनी वापरता येतात.

वकील_कॅम्प

धागाकर्त्यांनी क्रॅक प्रतींचा उल्लेख केला आहे, त्यातील कायद्याची बाजू नेमकी लिहितो. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ६३ब नुसार, संगणक प्रोग्रामची प्रत बेकायदा आहे हे माहीत असूनही ती वापरणाऱ्यास किमान ७ दिवस ते कमाल ३ वर्षे कैद आणि किमान ५०,००० ते कमाल २,००,००० रुपये दंड होऊ शकतो. वापर आर्थिक लाभासाठी किंवा व्यापाराच्या ओघात झालेला नसेल तर न्यायालय कैद टाळू शकते. कारखान्याच्या कामासाठी घरच्या लॅपटॉपवर केलेला वापर हा व्यापाराच्या ओघातील वापर आहे, तेव्हा ‘घरी होते, खासगी होते’ हा बचाव टिकण्यासारखा नाही. आणि ‘वापरणारा’ म्हणजे प्रत्यक्ष लॅपटॉपसमोर बसलेला कर्मचारी. मालकाने तोंडी सांगितले होते हे नंतर सिद्ध करणे त्यालाच जड जाते.

महाविद्यालयातील लायसन्सबद्दलही लोकांचा समज चुकीचा आहे. ती खरी असतात, पण केवळ शिक्षणासाठी दिलेली असतात. त्यावर ग्राहकाचे काम करणे हा करारभंग आहे.

अभियांत्रिकी_विद्यार्थी

सर, याला मी दुजोरा देतो. आमच्या महाविद्यालयातील सॉलिडवर्क्सच्या शैक्षणिक आवृत्तीत केलेल्या रेखाचित्रावर शैक्षणिक वापराचा ठसा उमटतो. तो छपाईतही दिसतो. माझ्या एका मित्राला इंटर्नशिपमध्ये ‘घरी तुझ्या लायसन्सवर करून आण’ असे सांगण्यात आले होते. तो नाही म्हणू शकला नाही. अशा वेळी आम्ही काय म्हणावे?

उद्यमबाग_आरेखन

बाळा, तुझा प्रश्न मला या धाग्यातील सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ‘माझे लायसन्स शैक्षणिक आहे, त्यावर केलेली फाइल ग्राहकाकडे ठशासह जाईल, कंपनीची सीट मला किती वाजता मोकळी मिळेल?’ असे विचारावे, आणि शक्यतो लेखी विचारावे. यात उद्धटपणा नाही. बहुतेक मालकांना ठशाची गोष्ट माहीतच नसते, आणि ती कळल्यावर ते स्वतःच थांबतात. रात्री आठनंतर किंवा सकाळी नऊपूर्वी सीट बहुधा रिकाम्याच असतात, त्या वेळी रिमोट डेस्कटॉपने तुम्हाला कंपनीचेच लायसन्स देणे त्यांना कोणताही खर्च न करता शक्य आहे. तसे उत्तर मिळाले नाही तर त्या कामाला नकार द्यावा, आणि गरज वाटल्यास मला येथे निरोप पाठवावा, मी त्या ठिकाणी बोलायला तयार आहे.

जांबोटी_पाऊस

रिमोट डेस्कटॉपने गेले काही दिवस काम केले. दोन वेळा टॉवर गेला, पण मॉडेल जसेच्या तसे मिळाले. मोठ्या मॉडेलला फिरवताना चित्र थोडे मागे राहते, ते रंगांची खोली आणि पडद्याचा आकार कमी केल्यावर सुसह्य झाले. पूर्ण दिवस वीज नसेल तेव्हासाठी एक सीट बोरो करून ठेवण्याची परवानगी कार्यालयाने दिली आहे. एक शंका राहिली. बोरो केलेल्या मुदतीत लॅपटॉपच बिघडला, किंवा विंडोज पुन्हा घालावे लागले, तर ती सीट परत करता येईल काय?

सर्व्हर_खोली

बोरो केलेली सीट त्याच लॅपटॉपवरून, सर्व्हरशी जोडलेले असताना परत करावी लागते, त्यामुळे विंडोज पुन्हा घालण्याआधी ती परत करणे आवश्यक आहे. लॅपटॉप बंदच पडला तर सर्व्हरच्या बाजूने ती ओढून घेता येत नाही आणि मुदत संपेपर्यंत कार्यालयाला एका सीटशिवाय काम करावे लागते. वर सांगितलेली मुदत आठवड्याच्या आत ठेवण्याचे खरे कारण हेच आहे. लॅपटॉपचे घड्याळ मागे-पुढे करू नये, लायसन्स मॅनेजर तो फेरफार ओळखतो आणि सीट चालणे बंद होते.

उद्यमबाग_आरेखन

आमच्या कारखान्यासाठी या चर्चेवरून एक पानाची नियमावली मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत तयार करत आहे : कोणते सॉफ्टवेअर घरून चालवण्यास करार परवानगी देतो, त्यासाठी रिमोट डेस्कटॉप की बोरो, परवानगी कोणी द्यायची, सीट अडकल्यास फोन कोणाला करायचा, आणि नोकरी सोडताना लॅपटॉपवरील प्रत काढून टाकल्याची सही. मसुदा पूर्ण झाला की येथे देतो. वकील कॅम्प यांनी त्यातील भाषा एकदा तपासून द्यावी, ही विनंती.

वकील_कॅम्प

अवश्य. नियमावलीवर मालकांची सही असू द्या, विभागप्रमुखाची पुरेशी नाही, आणि ज्या कराराच्या आधारे परवानगी दिली त्याची तारीख व कलम क्रमांक त्यात लिहा. नूतनीकरणाच्या वेळी उत्पादक अटी बदलतात, तेव्हा दरवर्षी ते कलम पुन्हा वाचून तारीख बदलावी लागेल.